कुत्र्या-मांजरांचा सकाळचा दवाखाना : कामाच्या नोंदी, जून २०२४ ते जानेवारी २०२५

९ जून २०२४

काम एवढंच ठरलं आहे: यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यातलं आमचं गाव आणि जवळची कोलामांची दोन पोडं, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्या. इथल्या मजुरी करणाऱ्या घरांच्या कुत्र्या-मांजरांना महिन्यातून एकदा डॉक्टर भेटला पाहिजे. रेबीजची लस, जंताचं औषध, गोचीड-खरजेवर उपाय आणि पुढे जमलं तर नसबंदी. गाई-बैल आणि शेळ्यांच्या लशीसाठी सरकारी माणूस गावात येतो. कुत्र्यासाठी कोणी येत नाही.

मंडळी अशी: तालुक्याला खासगी दवाखाना चालवणारे डॉक्टर, आमच्याच गावचे निवृत्त पशुधन पर्यवेक्षक (त्यांना सगळे काकाच म्हणतात), आशाताई, कॉलेजची तीन पोरं आणि शाळेत विज्ञान शिकवणारा मी. असं काम सुरू करणाऱ्यांनी पहिली गोष्ट नोंदणीकृत पशुवैद्य गाठण्याची करावी. पशुवैद्यक परिषदेचा १९८४ चा कायदा आहे. त्याप्रमाणे उपचार नोंदणी असलेल्या डॉक्टरनंच करायचे, आणि काकांसारख्या अनुभवी माणसानंही किरकोळ काम डॉक्टरच्या देखरेखीत करायचं. गावात सुई टोचणारे हात पुष्कळ असतात, त्यांच्या भरवशावर हे काम चालू करू नये.

आज पोरांनी घरोघर फिरून जनावरं मोजली. आमचा अंदाज होता की लोक आधी लशीचा भाव विचारतील. भाव एकानंही विचारला नाही. पोडावरच्या एका म्हाताऱ्यानं सरळ विचारलं, "पैसे त देऊ बा, पण कुत्रं न्याचं कायच्यात?" एसटीत कुत्रं घेत नाहीत. स्पेशल ऑटो केला तर जाऊन-येऊन ५०० रुपयांच्या खाली कोणी तयार होत नाही. त्यात एक दिवसाची मजुरी बुडते, बाईची ३०० च्या आत, गड्याची त्याहून जास्त. म्हणजे तीस रुपयांच्या लशीपायी घरातून आठशे रुपये जातात. सगळ्या कामाचा खर्च आता या आकड्याकडे बघून मांडायचा आहे.

इथलं कुत्रं म्हणजे जागलीचं कुत्रं. रात्री वावरात रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) हाकलायला माणूस एकटा जात नाही, कुत्रं बरोबर असतं. त्यामुळे 'पाळीव प्राण्यांसाठी सेवा' असं पत्रकात लिहिलं तर आपल्यासाठी आहे असं कोणालाच वाटणार नाही. पत्रक काढलंच नाही.

२३ जून

खरेदी. लस साठवायला गावात फ्रीज ठेवायचा विचार सोडून दिला. रेबीजची लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवी, आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज रात्री गेली तर कधीकधी सकाळीच येते. लस डॉक्टरांच्याच फ्रीजमध्ये राहील, शिबिराच्या सकाळी निघेल आणि दुपारपर्यंत संपेल. आशाताईंनी लसीकरणाच्या कामामुळे माहीत असलेली एक गोष्ट सांगितली, ती आम्हा कोणालाच माहीत नव्हती: बर्फाच्या कांड्या फ्रीझरमधून काढून तशाच डब्यात टाकायच्या नाहीत. रेबीजच्या लशीला उष्णतेसारखंच गोठणंही घातक असतं. कांडी बाहेर ठेवायची, हलवून पाहायची, आत पाणी खळखळलं की मग डब्यात.

लस १० मात्रांच्या कुपीत घेतली, एका मात्रेला २५ ते ३० रुपये पडले. सुट्या मात्रेला याच्या दुप्पट लागतात. लशीचा डबा १,४०० रुपये, थर्मामीटर २५०, सिरिंज-सुया, हातमोजे, जंताच्या गोळ्या मिळून २,२०० च्या आसपास. वजनकाटा विकत घेतला नाही. कापूस मोजायचा टांगता काटा आहेच, त्याला पोत्याची झोळी बांधली. जंताची गोळी वजनावर द्यायची असते, आणि अंदाजानं दहा किलोचं म्हटलेलं कुत्रं काट्यावर सोळा भरतं हे झोळीत एक-दोन कुत्री घातल्यावर कळलं.

३० जून

शिबिर आज होणार होतं, ते पुढं गेलं. डॉक्टरांनी अट घातली की कुत्री धरणाऱ्या प्रत्येकानं आधी स्वतः रेबीजची लस घ्यायची. चावा बसायच्या आधी घ्यायची ही लस तीन वेळा असते: पहिला दिवस, सातवा आणि एकविसावा. आज पहिली घेतली. म्हणजे जुलैचे तीन आठवडे यातच जाणार. ज्यांना हे काम करायचं असेल त्यांनी औषधं मागवायच्या आधी लस सुरू करावी, तेवढा महिना वाचेल.

२८ जुलै

पहिलं शिबिर. रविवार, सकाळी अकरा, शाळेचा व्हरांडा. आले कोण? पोरांनी उचलून आणलेली पिल्लं, दुकानदाराचा लॅब्रॅडॉर आणि सरपंचांच्या घरची दोन कुत्री. ज्यांच्यासाठी मांडलं त्यांच्यातलं घर एखाददुसरं. आठवडाभराच्या झडीनंतर आज उघाड पडली होती, सगळं गाव निंदणाला आणि डवरणीला गेलं. रविवार ही नोकरदारांची सुट्टी, मजुराचा त्या दिवशी हात चालू असतो. शाळेत राहून मलाही हे सुचलं नाही.

उघडलेली कुपी दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येत नाही, म्हणून उरलेल्या मात्रा फेकाव्या लागल्या. डॉक्टरांचे १,५०० रुपये मानधन आणि पेट्रोल गेलं ते वेगळं.

एका जागी कुत्री जमवण्यात दुसरीही गोम आहे. व्हरांड्यात भांडणं झालीच, पण एका पिल्लाला रक्ताची हगवण होती. पार्व्हो. हा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही. व्हरांडा ब्लीचिंगच्या पाण्यानं धुतला आणि पार्व्होची लस न झालेल्या पिल्लांना तिथं आणू नका म्हणून सांगत फिरलो. पिल्लू तिसऱ्या दिवशी गेलं. सलाईनवर ठेवायचं तर चार-पाच दिवस रोज तालुक्याला न्यावं लागलं असतं. पुन्हा तोच आठशेचा हिशोब.

११ ऑगस्ट

सगळं उलटं केलं. पहाटे साडेपाचला पोडावर पोचलो. त्या वेळी माणूस जागलीहून परत आलेला असतो, चहा होत असतो, कुत्रं दाराशी पडलेलं असतं. कोणाची मजुरी बुडत नाही. आठ वाजेपर्यंत दोन्ही पोडं झाली, नऊला गावातला मजूर मोहल्ला, आणि डॉक्टर अकराच्या आत आपल्या दवाखान्यात परत. कुपीत एक थेंब उरला नाही. अर्धी कुत्री तर उठायच्या आतच टोचून झाली.

कामाच्या बारीक गोष्टी. कुत्रं धरायचं ते मालकानंच, आमच्या पोरांनी नाही. तोंड बांधायला सुतळी वापरू नये, कापते आणि कुत्रं बिथरतं. मालकाच्याच खांद्यावरचा दुपट्टा उत्तम, त्याला वास ओळखीचा असतो. जंताची गोळी भाकरीत दिली की कुत्रं भाकर खातं आणि गोळी बाजूला थुंकतं. सुकटीच्या वासाच्या घासात घातली तर गिळतं. लस झालेल्या कुत्र्याला खूण म्हणून काकांनी पोळ्याला शिंगं रंगवायचा रंग सुचवला होता. डॉक्टरांनी नाही म्हटलं, कुत्रं चाटणार आणि ते पोटात जाणार. शिंप्याकडून लाल पट्ट्या शिवून घेतल्या, पाच रुपयांना एक. शिवाय वहीत मालकाचं नाव, कुत्र्याचं नाव, रंग आणि तारीख. वही नसती तर काम उभंच राहिलं नसतं, कारण पोडावर बहुतेक कुत्र्यांचं नाव 'मोती' आहे.

मांजरांचं मात्र काही जमलं नाही. माणसं दिसताच ती छपरावर गेली.

२५ ऑगस्ट

आज शिबिर नव्हतं, आणि आजच गरज पडली. फवारणीचे दिवस आहेत. मोहल्ल्यातल्या एका बाईनं गोचिडानं भरलेल्या कुत्रीला फवारणीतलं उरलेलं औषध पाण्यात कालवून चोळलं. तासाभरात तोंडाला फेस, पाय थरथरायला लागले, लाळ थांबेना. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं: हातमोजे घालून आधी साबणानं आणि भरपूर पाण्यानं धुवा, चाटू देऊ नका, आणि लगेच घेऊन या. मोटारसायकलवर दोघांच्या मधे पोत्यात गुंडाळून नेली. ॲट्रोपिनची इंजेक्शनं दिली, संध्याकाळपर्यंत उठून बसली. बिल ९०० रुपये, आम्ही फंडातून दिलं.

त्या बाईला रागावून उपयोग नव्हता. ती म्हणाली, "पराटीवरची (कपाशीवरची) कीड मरते त्यानं, मंग गोचीड कायले मरणार नाही?" गोचीड मरतेच, बरोबर कुत्रीही मरते. २०१७ च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, घराघरात ती आठवण आहे; पण बाटलीत उरलेलं विष जनावराच्या कातडीतूनही आत जातं हे कोणी सांगितलेलं नव्हतं. कुत्र्याचं औषध महाग आणि तेही लांब. हाताशी आहे ते वापरलं जातं.

खरजेवर गाडीचं जळकं ऑइल लावणं हा असाच सार्वत्रिक उपाय. कुत्रं ते चाटतं आणि आतून खराब होतं. आजपासून ठरलं की लशीइतकाच भर गोचीड-खरजेवर. गोचिडाचं औषध डॉक्टर वजन पाहून देतील, काका लावतील, खरेदीच्या भावात. एक सक्त नोंद आमच्यासाठी आणि हे वाचणाऱ्यांसाठी: कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला कधीच लावू नये, आणि मांजराला ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा देऊ नये. दोन्हींनी मांजर मरतं.

शिबिर महिन्यातून एकदा आणि विपत्ती कोणत्याही वारी, यावर उपाय म्हणून डॉक्टरांनी रात्री आठ ते नऊ फोन घ्यायचं मान्य केलं. निम्मे फोन "थांबा, काही करू नका" एवढ्यावर मिटतात.

२ सप्टेंबर

पोळा. बैलांच्या दिवशी कुत्र्यांचा विषय काढायचा नसतो. तरी वर्गणी मात्र आजच मागितली, कारण आज हात सैल असतात. ४,३०० रुपये जमले.

२८ सप्टेंबर

जागतिक रेबीज दिन, शनिवार, सकाळची शाळा. भाषण नको म्हणून पोरांना नळावर नेलं आणि साबणानं हात सतत पंधरा मिनिटं धुवायला लावले. पंधरा मिनिटं किती लांब असतात हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. पाचव्या मिनिटाला सगळे कंटाळले. चावल्यावर एवढंच करायचं आणि मग थेट प्राथमिक आरोग्य केंद्र. जखमेत मिरची, चुना, हळद भरायची नाही. आजार अंगात दिसायला लागल्यावर माणूस वाचत नाही, म्हणून जे करायचं ते आधी.

सुट्टीनंतर पाचवीतला एक मुलगा मागे थांबला. चार दिवसांपूर्वी पिल्लानं बोटाला चावलं होतं, मार बसेल म्हणून घरी सांगितलं नव्हतं. आशाताई त्याला लगेच घेऊन गेल्या. सरकारी दवाखान्यात ही लस फुकट मिळते, पहिला, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस. पिल्लू दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवलं. ते ठणठणीत राहिलं.

या प्रकारानं आमच्या यादीतलं एक भोक दिसलं. तीन महिन्यांखालच्या पिल्लांना आम्ही लस देत नव्हतो, आणि गावात सगळ्यात जास्त पोरांच्या हातात खेळतात ती पिल्लंच. डॉक्टरांशी बोलून बदल केला: मोहिमेत पिल्लांनाही टोचायचं, तीन महिन्यांची झाली की पुन्हा एकदा. वहीत त्यांच्यासाठी वेगळं पान.

२० ऑक्टोबर

कापसाची वेचणी सुरू. किलोमागे दहा-बारा रुपये मिळतात, बाया उजाडायच्या आत निघतात, म्हणून आज आम्ही पाचला गेलो. अंधारात बॅटरीच्या उजेडात शीर सापडत नाही, पण लस कातडीखालीच द्यायची असते, ते जमतं. विधानसभेची आचारसंहिता लागल्यामुळे ग्रामपंचायतीचं सभागृह बंद झालं. आम्हाला आता त्याची गरजच नाही.

पैशाचं बोलतो. पहिले दोन महिने सगळं फुकट होतं. त्याचा परिणाम असा की खरजेचं दुसरं इंजेक्शन घ्यायला लोक थांबत नव्हते, "फुकटचं औषध, लागलं लागलं." आता लशीचे २० रुपये, खरजेच्या पूर्ण कोर्सचे ५०. नसतील तर वहीत उधार, सोयाबीन निघाल्यावर द्या. काही जण अंडी देतात, एका घरानं तुरीच्या शेंगा कबूल केल्यात. ही रक्कम खर्चाच्या चौथ्या हिश्शालाही पुरत नाही, पण दुसऱ्या इंजेक्शनला माणूस दारात उभा राहतो. फुकट द्यावं की नाही यावर आमच्यात अजून वाद आहे. आशाताईंना वीस रुपये घेणंही पटत नाही.

गोचीड-तापाच्या कुत्र्यांना डॉक्सीसायक्लिन २८ दिवस द्यायचं असतं. चार दिवसांत कुत्रं जेवायला लागतं की गोळी बंद होते. औषध जनऔषधी केंद्रातून घेतलं, निम्म्याहून कमी पैशात आलं, पण दिलं तर उपयोग. घरातल्या शाळकरी पोराला भिंतीवर कोळशानं रोज एक रेघ मारायचं काम दिलं. रेघा कमी दिसल्या की मी वर्गात विचारतो.

१ डिसेंबर

नसबंदी. याच कामात सगळ्यात जास्त पैसा आणि वेळ गेला.

आधी हद्द स्पष्ट केली. बेवारस कुत्र्यांची नसबंदी २०२३ च्या नियमांप्रमाणे मान्यता असलेल्या संस्थेनं, ठरलेल्या सोयी असलेल्या ठिकाणीच करायची असते. शाळेच्या खोलीत टेबल मांडून होणारं ते काम नाही. म्हणून आम्ही फक्त मालक असलेल्या माद्या घेतल्या, मालकाच्या सहीनं, डॉक्टरांच्याच दवाखान्यात. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय चांगलं आहे, पण शंभरावर किलोमीटर जाऊन टाक्यांसाठी परत जायचं म्हणजे आमच्या लोकांना ते नसल्यातच जमा. डॉक्टरांनी एरवीच्या चार-साडेचार हजारांऐवजी औषधांचा खर्च म्हणून १,८०० रुपये घेतले.

नोव्हेंबरात पहिल्या दोघींची शस्त्रक्रिया झाली. त्यातली एक तिसऱ्याच रात्री धन्याच्या मागं जागलीवर गेली. मालक म्हणे, बांधून ठेवली तर रात्रभर केकाटते, शेजारी झोपू देत नाहीत. टाके उसवले, जखमेत माती गेली, पुन्हा दवाखाना, १,१०० रुपये आणखी. शस्त्रक्रियेच्या यादीत 'नंतर कुठं राहणार' हा रकानाच नव्हता. एका खोलीच्या घरात, जिथं माणसांनाच कोरडी जागा अपुरी, तिथं कुत्रीला दहा दिवस स्वच्छ कोपरा कुठून येणार?

आता काकांचा रिकामा कोठा घेतला आहे. खाली चुना मारला, वर कोरडी तणस, दाराला जाळी. माद्या दहा दिवस तिथंच, मालकानं रोज संध्याकाळी भाकर घेऊन यायचं म्हणजे कुत्री केकाटत नाही आणि मालकही विसरत नाही. जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालायचं प्लास्टिकचं कोन विकत घ्यायला महाग. रंगाच्या रिकाम्या बादलीचं बूड कापून, कडेला जुनी सायकल ट्यूब शिवून बनवलं. मजबूत निघालं. त्यानंतरच्या कोणाचेच टाके उसवले नाहीत.

नराच्या बाबतीत मात्र भिंत आहे. "खच्ची केलं त कुत्रं जागल करत नाही, नुसतं खाते अन् लोळते." यावर बोलून काही होत नाही. पोडावरच्या एका तरुणानं आपला नर दिला आहे, तो वावरात परत गेल्यावर लोक बघतील ते बघतील.

१५ डिसेंबर

पशुगणनेची माणसं गावात आहेत. यंदाच्या गणनेत कुत्रीही मोजतात. त्यांच्याबरोबर एक सकाळ फिरलो, आमच्या वहीत नसलेली काही घरं सापडली, बहुतेक वावरात राहणारी सालदारांची, म्हणजे वर्षाच्या करारानं राबणाऱ्या गड्यांची. ही घरं मोहल्ल्यात कधीच येत नाहीत, म्हणून सकाळची फेरीही त्यांना चुकत होती. पुढच्या फेरीत मोटारसायकलवर लशीचा छोटा डबा घेऊन आधी तिकडं.

१२ जानेवारी २०२५

मांजरांवर तोडगा निघाला, तोही एका आजीमुळे. तिनं मांजराला धान्याच्या कणगीत दूध ठेवून आत घेतलं आणि वर सूप झाकलं. सुपाच्या फटीतून डॉक्टरांनी मानेवर सुई दिली. कणगी घराघरात आहे.

आतापर्यंतचा हिशोब. औषधं, लस आणि सामान २१,००० च्या आसपास. डॉक्टरांचं मानधन व पेट्रोल १२,०००. नसबंदी आणि तिच्यामागचे उपचार १६,०००. जमा: वर्गणी, लोकांचे वीस-पन्नास रुपये, एका माजी विद्यार्थ्यानं पाठवलेले १०,००० आणि आमच्या खिशातले. उधारी वहीत २,१०० आहे, त्यातली निम्मी येईल असं काका म्हणतात. मला तेवढीही येईल असं वाटत नाही, पण वसुलीला जायचं नाही असं ठरलं आहे, नाहीतर पुढच्या फेरीला दारं बंद मिळतील.

रेबीज थांबवायचा तर गावातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस हवी. पाळलेल्या कुत्र्यांत आम्ही त्याच्या पुढं आहोत. मालक नसलेली धरली तर बरेच मागे. त्यासाठी ग्रामपंचायतीनं मान्यताप्राप्त संस्था बोलवावी असा अर्ज दिला आहे.

पुढची फेरी ९ फेब्रुवारी, सुरुवात वावरातल्या सालदारांपासून. लशीच्या दोन कुप्या सांगितल्या. बादल्यांचे कोन आणखी चार लागतील, रंगारी मंगळवारी देतो म्हणालाय. खच्ची केलेला नर परवा पोडावर परत गेला, पहिल्याच रात्री डुकरांच्या मागं वावराच्या धुऱ्यापर्यंत (बांधापर्यंत) गेला असं त्याचा मालक सांगतो. शेजाऱ्याचं म्हणणं, तो जागलीच्या मचाणाखाली झोपून होता.